सदाफुली : शोधायला गेले साखरेचं औषध, हाती आलं कॅन्सरचं

कोल्हापुरात सदाफुली मुद्दाम विकत आणून लावणारी घरं फार थोडी असतील. ती आपली आपणच येते. तुळशीवृंदावनाच्या भेगेत, फरशीच्या फटीत, गच्चीवरच्या टाकीखाली, तेलाच्या रिकाम्या डब्यात कुठूनतरी बी पडतं आणि रोप उभं राहतं. बारा महिने पानं हिरवी, बारा महिने फुलं. बाकीची झाडं रुसली तरी देवपूजेच्या परडीत चार फुलं ती टाकतेच. इतक्या सवयीच्या झाडाकडे आपण नीट बघतही नाही.

दवाखान्यात मात्र तिचं नाव वारंवार निघतं. एक प्रश्न मधुमेहाच्या रुग्णांचा असतो : "डॉक्टर, सकाळी उपाशीपोटी सदाफुलीची पाच पानं चावून खाल्ली की शुगर उतरते म्हणतात. खाऊ का?" दुसरा प्रश्न कॅन्सरच्या रुग्णाचे नातेवाईक जरा खालच्या आवाजात विचारतात : "केमोचं औषध सदाफुलीपासूनच करतात ना? मग घरचाच रस काढून दिला तर?"

हे प्रश्न खुळचट मुळीच नाहीत. दोन्हींच्या मागे खरा इतिहास आहे, फक्त तो अर्धाच कानावर आलेला आहे. अर्धा इतिहास अर्ध्या औषधासारखा असतो, कधीकधी त्रासच देतो. म्हणून आज तो सगळा सांगतो.

आपली वाटणारी परदेशी

सदाफुली मूळची मादागास्करची, आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात असलेल्या मोठ्या बेटाची. जहाजांबरोबर ती जगभर पसरली. अठराव्या शतकाच्या मध्यावर तिचं बी पॅरिसच्या राजेशाही बागेत आणि तिथून लंडनजवळच्या चेल्सीच्या औषधी बागेत पोहोचलं. १७५९ साली लिनियसने तिला 'व्हिंका रोझिआ' हे शास्त्रीय नाव दिलं. पुढे १८३७ मध्ये जॉर्ज डॉन याने ते बदलून 'कॅथरँथस रोझिअस' केलं. आज तेच शास्त्रीय नाव आहे, पण नर्सरीवाले अजून जुन्या नावाने तिला 'विंका'च म्हणतात.

उष्ण प्रदेशात ती जिथे गेली तिथलीच झाली. हिंदीत ती सदाबहार, तमिळमध्ये नित्यकल्याणी, आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये नित्यपुष्प. सगळ्या नावांत तिचं कायम फुलणं आहे.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सदाफुलीचा 'हजारो वर्षांपूर्वीचा आयुर्वेदिक उपाय' म्हणून व्हॉट्सॲपवर जो मजकूर फिरतो, तो खरा असू शकत नाही. चरक-सुश्रुतांच्या काळी हे झाड आपल्याकडे नव्हतंच. ते आलं अलीकडे, आणि त्याचे उपायही अलीकडचेच.

पानांचा काढा आणि मधुमेह

हे उपाय मात्र एकाच गावचे नाहीत. दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडिज, फिलिपिन्स, भारत अशा एकमेकांपासून हजारो मैल लांब असलेल्या ठिकाणी लोक मधुमेहासाठी सदाफुलीच्या पानांचा काढा घेत असत. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्स जपानच्या ताब्यात गेलं, इन्सुलिन मिळेनासं झालं, तेव्हा तिथे सदाफुलीच्या पानांवर भिस्त ठेवली गेली.

इन्सुलिनसाठी रोज सुई टोचावी लागते. एखादं पान तेच काम तोंडावाटे करत असेल, तर कोणाला नको? शास्त्रज्ञांनाही तसंच वाटलं. तेव्हा तुमच्या मनात आलेला विचार सत्तर वर्षांपूर्वी जगातल्या दोन नामांकित प्रयोगशाळांच्या मनातही आला होता. फरक एवढाच, की त्यांनी तो तपासून पाहिला.

पंचवीस पानांचं पाकीट

१९२१ साली कॅनडात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग इन्सुलिनचा शोध घेत होते. त्यांना मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी मिळणार होते, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोणी जायचं यासाठी दोघांनी नाणं उडवलं. बेस्ट जिंकला आणि इन्सुलिनच्या इतिहासात बँटिंग-बेस्ट ही जोडी अमर झाली. नोबलचं नाव मागे पडलं.

तीस वर्षांनी, १९५२ मध्ये, याच क्लार्क नोबलकडे जमैकाहून एक पाकीट आलं. आत सदाफुलीची २५ पानं होती. तिकडचे लोक मधुमेहासाठी याचा काढा पितात, बघा काही निघतं का, असा निरोप होता. क्लार्कने ते पाकीट धाकट्या भावाकडे दिलं. हा भाऊ म्हणजे रॉबर्ट नोबल, वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातल्या कॉलिप प्रयोगशाळेत संशोधन करणारा. आणि ज्यांचं नाव या प्रयोगशाळेला होतं, ते जेम्स कॉलिप म्हणजे टोरांटोत इन्सुलिन शुद्ध करणारे गृहस्थ. साखरेच्या औषधाची पारख करायला याहून योग्य जागा मिळणं कठीण.

रॉबर्ट नोबलने पानांचा अर्क काढला आणि उंदरांना तोंडावाटे दिला. साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. मग त्याने तोच अर्क इंजेक्शनने टोचला. साखर तरीही हलली नाही, पण आठवडाभरात उंदीर मरू लागले.

इथे कोणीही वही मिटली असती. साखर उतरत नाही, वर उंदीर मरतात, म्हणजे औषध बाद. नोबलने मेलेल्या उंदरांची तपासणी केली. ते जंतुसंसर्गाने मेले होते, अंगभर पू झाला होता. निरोगी उंदराला असा संसर्ग होत नाही. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. हाडांच्या आतला मगज, म्हणजे बोन मॅरो, जिथे या पेशी तयार होतात, तोच थंड पडला होता.

जंतूंशी लढणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत म्हणून उंदीर मेले. आता डॉक्टरच्या नजरेने विचार करा. ज्या आजारात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, त्या आजारात हेच विष कामाला येईल का? तो आजार म्हणजे ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर.

दोन प्रयोगशाळा, एकच झाड

पानातला नेमका कुठला पदार्थ हे करतो, ते शोधायला १९५४ मध्ये चार्ल्स बिअर हा रसायनशास्त्रज्ञ नोबलच्या मदतीला आला. पानात तो पदार्थ अगदी कणभर. ढीगभर पानांतून तो वेगळा करायला काही वर्षं गेली. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका परिषदेत त्यांनी तो जगापुढे ठेवला. आज आपण त्याला व्हिनब्लास्टिन म्हणतो.

योगायोग असा, की अमेरिकेत इंडियानापोलिसला एली लिली या औषध कंपनीतही हेच झाड तपासलं जात होतं. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनवून १९२३ पासून विकणारी हीच कंपनी. तिथल्या गॉर्डन स्वोबोडाने फिलिपिन्समधल्या वापराचं ऐकून सदाफुली तपासणीच्या यादीत घातली होती. तिथेही साखरेचं काही जमलं नाही. पण तोच अर्क ल्युकेमिया झालेल्या उंदरांना दिल्यावर त्यातले काही अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जगले. या गटाला आणखी एक पदार्थ मिळाला, व्हिनक्रिस्टिन. १९६३ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

ही दोन औषधं रचनेने सख्ख्या बहिणी. एवढ्या मोठ्या रेणूत एका ठिकाणच्या चिमुकल्या तुकड्याचा काय तो फरक. पण तेवढ्याने स्वभाव बदलतो. व्हिनब्लास्टिन बोन मॅरोला जास्त दाबतं, व्हिनक्रिस्टिन नसांना जास्त त्रास देतं. एकाच झाडाच्या एकाच पानातल्या दोन पदार्थांची ही तऱ्हा. 'पान खाल्लं' म्हणजे नेमकं काय खाल्लं, हा प्रश्न इथूनच अवघड होतो.

हे औषध पेशीला काय करतं?

पेशीची दोन होताना आतल्या गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते. त्यासाठी पेशी आत बारीक दोऱ्या ताणते आणि त्या दोऱ्या गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढतात. सदाफुलीची औषधं या दोऱ्या विणूच देत नाहीत. वाटणी मध्येच अडकते आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांना फटका जास्त बसतो. केसांच्या मुळाशी, बोन मॅरोत आणि आतड्याच्या अस्तरातही पेशी भराभर विभागतात, म्हणून थोडा मार तिथेही बसतो. नसांमध्ये याच दोऱ्या मालवाहतुकीचं काम करतात. त्यामुळे व्हिनक्रिस्टिन घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, बद्धकोष्ठता होते, कधी पाऊल उचलताना लोंबतं.

त्या मुलांचं काय झालं?

या इतिहासातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा भाग हा आहे. १९५० च्या दशकात लहान मुलाला तीव्र ल्युकेमिया झाला, म्हणजे त्याच्या हाती काही महिनेच उरले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये पहिल्यांदा औषधाने हा आजार काही काळ मागे हटवून दाखवला. ते औषध ज्या गटाने तयार केलं, त्याचे प्रमुख आपले आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. पण काही महिन्यांत आजार परत यायचा.

१९६० च्या दशकात डॉक्टरांनी औषधं एकेकटी न देता एकत्र द्यायला सुरुवात केली. त्या चौकडीत व्हिनक्रिस्टिन होतं. सोबतीला सुब्बारावांच्याच औषधाचं भावंड मेथोट्रेक्सेट होतं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी उपचारांची साखळी आणखी पक्की केली आणि त्या दशकाच्या अखेरीला निम्मी मुलं बरी होऊ लागली. आज प्रगत देशांत तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेल्या १० पैकी ८-९ मुलं बरी होतात. पहिल्या टप्प्यातल्या उपचारांत व्हिनक्रिस्टिन आजही आहे.

आपल्याकडे १९४१ मध्ये सुरू झालेलं मुंबईचं टाटा मेमोरियल हे यातलं मोठं केंद्र. १९८० च्या दशकात टाटा, चेन्नईचं अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी मुलांच्या ल्युकेमियासाठी 'एमसीपी ८४१' ही एकच ठरीव उपचारपद्धत अमलात आणली. त्यातही व्हिनक्रिस्टिन होतंच. आपल्या भागातल्या कित्येक आईवडिलांनी आजारी मूल मांडीवर घेऊन रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळ गाठलं आहे आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम केला आहे. सलाईनमधून त्या मुलांच्या शिरेत जे थेंब गेले, त्यांतल्या काहींचं मूळ आपल्या दारातल्या याच झाडात होतं. आता केमोथेरपी कोल्हापुरातही मिळते.

मग पान का खायचं नाही?

आता हिशोब करू. एक ग्रॅम व्हिनब्लास्टिन हाती यायला सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे एका किलोला दोन मिलिग्रॅम. व्हिनक्रिस्टिन तर याहूनही कितीतरी कमी. पाच ओली पानं वाळवली तर वजन जेमतेम ग्रॅमभर. त्यात कॅन्सरशी लढण्याएवढं औषध असणं शक्य नाही. शिवाय ही औषधं तोंडावाटे भरवशाने रक्तात पोहोचत नाहीत, म्हणून ती शिरेतूनच देतात.

तुम्ही म्हणाल, एवढं कमी आहे तर खाल्लं म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते असं. सदाफुलीत शंभराहून जास्त अल्कलॉइड आहेत. मुळांतल्या काहींचा परिणाम रक्तदाबावर आणि हृदयावर होतो. कुठल्या पानात काय किती, ते झाडाचं वय, माती, हंगाम यांवर ठरतं. आणि लोक पाच पानांवर थांबत नाहीत. गुण आला नाही की मूठभर पानांचा काढा होतो. तैवानमधल्या डॉक्टरांनी २००४ साली अशीच एक घटना नोंदवली. कॅन्सरवर उपाय म्हणून सदाफुली घेतलेल्या एका स्त्रीचा बोन मॅरो गंभीररीत्या दबला होता. नोबलच्या उंदरांना जे झालं, त्याच जातीचा हा प्रकार.

व्हिनक्रिस्टिनचा प्रौढ माणसाचा एका वेळचा डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही, म्हणजे मिठाच्या काही खड्यांएवढा. ते शिरेबाहेर सांडलं तर आतलं मांस जळतं. चुकून पाठीच्या मणक्यात दिलं गेलं तर जीव जातो. ही चूक टाळण्यासाठी ते सिरिंजऐवजी छोट्या सलाईनच्या पिशवीतून द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या औषधाला हॉस्पिटलमध्ये इतकं जपतात, ते खलबत्त्यात कुटून अंदाजाने कसं द्यायचं?

कॅन्सरच्या रुग्णाचा धोका तर दुप्पट आहे. केमोने त्याच्या पांढऱ्या पेशी आधीच उतरलेल्या असतात. त्यावर घरचा रस गेला आणि पेशी आणखी उतरल्या, तर डॉक्टरला वाटणार केमोच जड गेली. मग उपयोगी पडणाऱ्या औषधाचा डोस कमी होतो किंवा तारीख पुढे ढकलली जाते.

राहिला मधुमेह. प्राण्यांवरच्या काही प्रयोगांत पानांनी साखर थोडी उतरलेली दिसते. पण माणसांवर नीट चाचणी होऊन, डोस ठरून, सुरक्षित म्हणून मान्य झालेलं मधुमेहाचं औषध सदाफुलीतून आजवर निघालेलं नाही, आणि तेही दोन मातब्बर प्रयोगशाळांनी त्यासाठीच झाड हातात घेतल्यावर. पानांच्या भरवशावर गोळ्या सोडल्या, तर साखर महिनोन्‌महिने मूत्रपिंड, डोळे आणि पायांच्या नसा पोखरत राहते आणि तुम्हाला कळतही नाही. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबवलं, तर काही दिवसांत जिवावर बेतू शकतं. गरोदर बाईने तर हे झाड तोंडातही घालू नये.

अंगणात मात्र जरूर लावा

हे वाचून कोणी सदाफुली उपटून टाकू नका. बागेत इतकं कमी मागणारं झाड दुसरं नाही. थोडी काळजी घ्या.

तिचा खरा शत्रू साचलेलं पाणी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात, शेंडे काळे होऊन झाड वरून खाली वाळत येतं. म्हणून काळ्या मातीत तांबडी माती, थोडी वाळू किंवा बारीक मुरूम आणि मूठभर जुनं शेणखत मिसळा. कुंडीचं भोक उघडं आहे ना ते बघा आणि पावसाळ्यात कुंडी विटांवर ठेवा. रोग लागलेलं झाड मुळासकट काढा आणि त्याच मातीत लगेच दुसरी सदाफुली लावू नका.

ऊन मात्र भरपूर हवं, दिवसाचे निदान पाच-सहा तास. सावलीत ती उंच वाढते, पण फुलं रोडावतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या. खत जास्त झालं तर पानंच माजतात. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे फांद्या फुटतात. दोन-तीन वर्षांनी बुंधा लाकडासारखा होतो, तेव्हा छाटणी करा किंवा नवं रोप धरा. बारीक जोडशेंगा तपकिरी झाल्या की फुटायच्या आधी काढा. बी काळं आणि बारीक असतं. पेरल्यावर वर मातीचा पातळ थर द्या, कारण ते अंधारात चांगलं रुजतं.

पान तोडलं की दुधासारखा चीक येतो. छाटणीनंतर हात धुवा, तो हात डोळ्यांना लावू नका. कडू असल्यामुळे शेळ्या-गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत, पण रांगणाऱ्या बाळाचा तेवढा भरवसा नसतो. कुंडी त्याच्या हाताबाहेर ठेवा. आणि एक लक्षात असू द्या : कण्हेर आणि बिट्टी सदाफुलीच्याच कुळातल्या. त्यांचं विष थेट हृदयावर जातं. बिट्टीची बी चावून माणसं दगावली आहेत. घरात लहान मुलं असतील तर अंगणातलं हे सगळं कुळ मोठ्यांना ओळखता आलं पाहिजे.

आणि तुमच्या घरात कोणी सदाफुलीची पानं, रस किंवा काढा घेत असेल, तर त्यांच्यावर रागावू नका. आज थांबवायला सांगा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना किती दिवस, किती पानं घेतली ते कागदावर लिहून न्या. मधुमेह असेल तर उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. केमो चालू असेल तर रक्ताच्या तपासणीआधीच कॅन्सरच्या डॉक्टरांना हे सांगा. पांढऱ्या पेशी का उतरल्या, याचा शोध त्यांना योग्य जागी घेता येईल.